नदीचं मूळ

गुराम, आज भट्टी उशिरा पेटवली.
शाळेत मतदान आहे.
पीठ काय, थांबतं माझ्यासाठी.

मुर्मान उभा आहे. तुझ्या वासोचा मुर्मान.
वासो आणि तू एकाच दिवशी, एकाच बोगद्यात.
तेव्हा नऊ वर्षांचा होता तो, याच ओट्यावर बसून
होडीच्या आकाराचा गरम पाव फुंकून फुंकून खायचा.
परवा आला, तिथेच बसला, म्हणाला,
"त्सिआला काकू, मी तुमच्यातलाच."
खरंच आहे. त्याच्या नखांतली मँगनीजची रेघ अजून गेलेली नाही.
मी विचारलं, रोपवेचं काय रे?
तीन वर्षं पाळणे तारेवर लोंबकळतायत,
वरच्या वस्तीतली झुझुना नवऱ्याची औषधं घेऊन
दोनशे चौऱ्याऐंशी पायऱ्या चढते.
"काकू, माझा तर जन्मच त्या पाळण्यात झाला!"
लोक हसले. मीही हसले.
पाव बांधून दिल्यावर लक्षात आलं,
विचारलं होतं ते तसंच राहिलं.

दुसरी एतेरी.
आडनाव तुला सांगायला नको.
तिच्या आजोबांनी एका कागदावर सात नावं लिहिली होती,
पाचवं माझ्या काकाचं.
तो गेला तो गेलाच. आजीनं त्याचा पेला धुऊन
फळीवर पालथा ठेवला. अजून तसाच आहे.

बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, असं गाव तिच्या मागे लागलं.
भर सभेत म्हणाली, "हो, अक्षर माझ्या आजोबांचंच होतं."
आणि लगेच पाण्याच्या वेळापत्रकावर बोलू लागली.
निम्मे लोक उठून गेले.
पाण्याचं कोण ऐकतं?

चाळीस पानांची पुस्तिका आहे तिची.
पिठाच्या पोत्यावर बसून दोन रात्री वाचली, चष्मा सावरत.
पान अकरा: धुलाई कारखान्याचं पाणी आधी टाक्यांत, मग नदीत.
पान एकोणीस: रोपवे होईल, पण दुसऱ्या वर्षी.
पहिल्या वर्षी पैसे नाहीत.
असं चक्क छापलंय, पैसे नाहीत म्हणून!
पान सव्वीस: भट्ट्यांचा गॅस महागेल.
म्हणजे माझा.
तिथे पुस्तिका पालथी घातली मी,
फळीवर, पेल्याच्या शेजारी.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात.
ऋषी आमच्याकडे कुठले, उमेदवार दोन.
नदी मात्र आहे.
बालवाडीतली पोरं तिला काळ्या खडूनं रंगवतात,
बाईंनी निळा दिला तर परत करतात.
तिचं मूळ शोधायला नको?
कुठल्या पाइपापासून काळी होते,
टाक्यांचा ठराव आला तेव्हा नगरसभेत
'नको' म्हणून हात कुणी वर केला?
मुर्माननं. इतिवृत्तात आहे, मी जाऊन पाहिलं.
हेही कूळच झालं ना, गुराम?
आजोबांचं नव्हे, स्वतःच्या हाताचं.

झुझुनाला हे सांगितलं.
ती पायरीवर दम खात म्हणाली,
"आणि एतेरीचा हात? त्यानं अजून केलंय काय?
कागद तर त्यांच्या घरात पहिल्यापासून छान लिहितात."
मला उत्तर सुचलं नाही.
अजूनही सुचलेलं नाही.

शाळेच्या दारात पोरगा जांभळा दिवा घेऊन उभा,
बोटावर शाई आहे का बघायला.
"काकू, पीठ पुसा आधी."
पुसलं.
आत पेन दोरीनं बांधलेला, दोरी आखूड.
आकड्याभोवती गोल काढायचा.
माझा जरा वाकडाच आला,
भट्टीला चिकटवताना पाव घसरतो तसा.

संध्याकाळी मुर्मान आला,
नेहमीसारखा पाव उचलून चावला.
मी म्हटलं, दीड लारी झाले.
तो बघतच राहिला. मग खिसे चाचपले.

पेला पालथाच आहे, गुराम.
तेवढं विचारू नकोस.